समासातली लाल शाई

रत्नागिरीला, मुख्यालयाच्या हॉलमध्ये
तीन दिवसांचं प्रशिक्षण, तपासावर देखरेख करणाऱ्यांसाठी.
आम्ही बावीस जण. प्रत्येकापुढे वही, पेन, एक आंबावडी,
आणि एक डीवायएसपी साहेब, जे फोन घेऊन बाहेरच असायचे.

शिकवायला खडपेकर सर. निवृत्त. उजव्या कानात यंत्र.
"नोकरीत कान ठणठणीत होते," म्हणाले,
"तेव्हा वापरले नाहीत."
सगळे हसले. मीही हसले,
वीस वर्षं वरिष्ठांच्या विनोदाला हसत आले तशी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पडदा गुंडाळून ठेवला.
जुन्या केस डायऱ्या काढा म्हणाले,
आणि तपास वाचू नका.
नुसता समास वाचा. आपली लाल शाई वाचा.

माझे एक्केचाळीस शेरे निघाले.
'करा.' 'ताबडतोब करा.' 'भाषा सुधारा.'
'हे आधी का केलं नाही?'
प्रश्नचिन्हं नऊ,
नऊच्या नऊ दटावणीची.
मला माहीत नाही म्हणून विचारलेलं
एकही नाही.

पान सोळा. हवालदार चोगलेंचं अक्षर,
ओळ सोडून खाली खाली उतरत जाणारं:
'त्या रात्री अष्टमी. भांगाचं पाणी.
एवढ्या वरच्या खडकापर्यंत चढत नाही.'
आणि शेजारी मी:
'असंबद्ध.'

खलाशी होता तो, नेपाळकडचा.
बोटीवर कांछा म्हणायचे,
म्हणजे धाकटा. ते नाव नव्हे.
वय अंदाजे तीस, बुडून मृत्यू, फाइल बंद.
रडायला कुणी आलं नाही
म्हणून विचारायलाही कुणी आलं नाही.
मी तेव्हा नवी प्रभारी,
एका दिवसात सहा फाइली मिटवते
म्हणून मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं गेलं होतं.

चोगले हर्णैचे. त्यांच्या घरात
घड्याळाआधी तिथी बघतात.
त्यानंतर त्यांनी पाण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.
निवृत्त होईपर्यंत त्यांचे पंचनामे निर्दोष होते:
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस समुद्र.
समुद्र म्हणजे फक्त चतुःसीमा.

खडपेकर सर माझ्या बाकापाशी थांबले.
वाचलं. कानातल्या यंत्राचं बटण फिरवलं.
काही बोलले असते तर बरं झालं असतं.

प्रमाणपत्र, ग्रुप फोटो, पुन्हा आंबावडी.
परतताना गाडी हर्णैला घ्यायला लावली.
चोगले पाण्याच्या टाकीवर चढून
फ्लोट बदलत होते. खाली उतरले नाहीत.
मी खालूनच म्हटलं, "चोगले, ते सोळावं पान."
बराच वेळ नुसती खुडबुड.
मग वरून: "अष्टमीचं."
सात वर्षं झाली होती.
"मॅडम, तो पाना द्या जरा वर."
मी चपला काढल्या, शिडीच्या दोन पायऱ्या चढले
आणि पाना दिला.

कांछाची फाइल मागवली आहे.
रेकॉर्ड रूमला वाळवी लागली आहे म्हणतात.
मागवली आहे.

सोमवारी परकारची डायरी टेबलावर आली.
सब-इन्स्पेक्टर नफिसा परकार, दोन वर्षांची नोकरी,
बोटीचं इंजीन चोरीला गेल्याचा तपास.
मध्येच एक ओळ:
'त्या दिवशी बर्फाच्या कारखान्यातून बर्फ कमी उचलला गेला.'
लाल पेन हातात आलंच होतं,
टोपणही निघालं होतं.
इंजिनाचा आणि बर्फाचा काय संबंध, हे लिहायला
मला अर्धा सेकंद लागला असता.

खणात पेन्सिल शोधली. टोक नव्हतं. टोक केलं.
'मला कळलं नाही. सांगशील?'

दुपारी ती दारात उभी.
डायरी छातीशी धरलेली, बोट त्या पानात.
आत यावं की नाही, ठरत नव्हतं.
"मॅडम," ती म्हणाली,
"हे... खरंच विचारलंय?"